काळेवाडी फाट्यावरच्या चौघी

माझी आई हिंजवडीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडून हाउसकीपिंगला आहे. सकाळी साडेसहाला हजेरीच्या मशीनवर थंब पडला पाहिजे. तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार जातो आणि त्याच्या वर गेलं की ठेकेदार दुसरी बाई बघतो. काळेवाडीहून हिंजवडी नकाशावर बोटभर अंतर. पण बसने जायचं तर आधी डांगे चौकात उतरायचं, तिथे दुसरी बस धरायची, आणि ती आयटी पार्कच्या आतल्या फेजपर्यंत जाणारी नसेल तर राहिलेला रस्ता पायी. ज्यांच्यासाठी शहरं बांधली जातात त्यांना दारातून गाडी मिळते आणि जे त्यांचे संडास धुतात त्यांनी दोन बस बदलायच्या, असं मी पूर्वी आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकात लिहायचो. आजही ते खरंच आहे. लिहायचा कंटाळा आलाय एवढंच.

आईने आणि गल्लीतल्या आणखी तिघींनी यातून स्वतःच एक वाट काढली होती. रात्रपाळी सुटलेल्या लोकांना घरी आणायला कंपनीच्या कॅब पहाटे हिंजवडीकडे रिकाम्या जातात. त्यातल्या एका सात सीटच्या गाडीचा ड्रायव्हर मावळातला होता, राहायला आमच्याच बाजूला. एकदा फाट्यावर या चौघी बसची वाट बघत उभ्या दिसल्या तशी त्याने काच खाली केली. "बसा मावशी, गाडी मोकळीच चाललीया." तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. बसच्या दोन तिकिटांपेक्षा कमी पैसे घ्यायचा, आणि कुणी विचारू नये म्हणून गेटच्या बरंच अलीकडे उतरवायचा. आईचा पाऊण तास वाचायचा. त्या पाऊण तासात ती काहीही करायची नाही, झोपायची.

एकदा मीही त्यांच्यासोबत गेलो. संघटनेचं पत्रक हिंजवडीच्या गेटवर वाटायचं होतं. मागच्या सीटवर गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो.

"मावशी, आज पोरगं बी कामाला लावलं काय?" ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला.

"त्याला कोण कामाला लावतंय," आई म्हणाली. "फुकट कागद वाटतंय."

"वाटू द्या की. आमच्या लग्नाच्या पत्रिका बी त्यालाच देऊ वाटायला."

"आधी पोरगी तर बघ," पुढे बसलेली म्हणाली आणि चौघी हसल्या.

मी हसलो नाही. मी सीटा मोजत होतो. ही गाडी रोज रिकामी जाणार, हिच्यामागून येणाऱ्याही रिकाम्या जाणार, आणि याच कंपनीचा कचरा उचलणाऱ्या बायकांनी चोरासारखं गेटच्या अलीकडे उतरायचं. डोक्यात मथळा तयार झाला. पुढच्या आठवड्यात तो छापूनही आला: रिकाम्या गाड्या कुणासाठी? खाली मागणी होती की पहाटे रिकाम्या जाणाऱ्या कॅब ठेक्यावरच्या बायकांना खुल्या करा. आमच्यात शिकवलेलं असतं, पुराव्याशिवाय मागणी करू नये. म्हणून मी पुरावा दिला. काळेवाडीहून चार महिला आजही अशाच एका गाडीने येतात, मग सगळ्यांना का नाही? नाव कुणाचंच नव्हतं. मला वाटलं, तेवढी काळजी पुरे.

दोन दिवसांनी ड्रायव्हरने फाट्यावर गाडी थांबवली, पण दार उघडलं नाही. "आता न्हाई जमायचं मावशी. सीटमागं नोटीस चिकटवलीय. भाईरचं कुणी बसलं तर गाडीच बंद करत्यात." पत्रक कुणाचं होतं ते त्याला ठाऊक होतं. त्याने ते आईला बोलून दाखवलं नाही. ते काम आईनेच संध्याकाळी केलं.

"तुला कोण लिव्हायला सांगितलं होतं?"

"तुमच्यासाठीच लिहिलं ना. चोरून कशाला, हक्काने बसायचं."

"हक्क मिळंपर्यंत कशात बसू?"

संघटनेतले वरिष्ठ म्हणाले, मुद्दा बरोबरच होता. मीही तेच म्हणतो. पण चौघींपैकी एकीलाही मी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं हे मला आतून माहीत होतं, म्हणूनच विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात आईला दोन लेट मार्क पडले. तिसरा पडू नये म्हणून मी तिला बाइकवर सोडायला लागलो. मोकळ्या रस्त्याने झटकन पोचायचो. वाटलं, निदान घरापुरतं तरी निस्तरलं. चौथ्या दिवशी फाट्याजवळ तिने माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब." बाकी तिघी तिथेच बसची वाट बघत होत्या. आई उतरली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"अगं, उशीर होईल."

"होऊ दे. काल सुपरवायझर बाई यांना म्हणली, ही तुमच्याच गल्लीतली, ही कशी येते वेळेवर?" आईने पदर नीट केला. "चौघी उशिरा गेलो तर बस लेट म्हणता येतं. मी एकटी वेळेवर गेले की या तिघीच लेट ठरतात."

"जा की गं, पोरगं सोडतंय तर," एकजण म्हणाली.

"त्याला म्हणावं टेम्पो आण, चौघी बसतो," दुसरी म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, रस्त्याकडे बघत.

बस आली ती दारापर्यंत भरलेली. आई सगळ्यात शेवटी चढली.

आता त्या चौघी तिच्या आधीची बस धरतात. आई पूर्वीपेक्षाही लवकर उठते. लेट मार्क पडत नाही, पण पोचतात तेव्हा आत घेत नाहीत, शिफ्ट सुरू व्हायला दहा मिनिटं उरली की मगच सोडतात. तोपर्यंत चौघी गेटसमोरच्या फुटपाथवर डबे मांडीवर घेऊन बसून राहतात.