बेबाबाईचा पाय

सोनगीरच्या किल्ल्याखाली कुणाच्याही घरी मूल जन्मलं, की पहिली हाक बेबाबाईला जायची. पाटावर बसून ती दोन्ही पाय लांब करायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची आणि तेल-हळद चोळता चोळता त्याच्याशी गप्पा मारायची. नवरा लवकर गेला होता, पोटी मूल नव्हतं. पण गावातली निम्मी पोरं तिच्याच पायांवर न्हालेली.

न्हाणीचं पाणी तापवायला ती बाभळीच्या काटक्या गोळा करायची, अनवाणीच. एकदा उजव्या तळपायात काटा मोडला. सुईनं टोकरून काढला, वर बिब्ब्याचा चटका दिला आणि विसरली. पुढच्या साली तिथं गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. वर्षं गेली तसा पाय फुगत गेला, जागोजागी भोकं पडली आणि त्यांतून पाण्याबरोबर खसखशीएवढे काळे दाणे पडू लागले.

गावानं त्याला रगतपिती, म्हणजे महारोग, ठरवलं. तोंडावर कुणी बोललं नाही. ती बाळंतिणीच्या दारी गेली, की सासू उंबऱ्यातच सांगायची, आज बाळाला ताप आहे. मग हाक येणंच थांबलं. दीर शालिग्रामनं तिची खाट गोठ्यालगतच्या खोलीत हलवली. माणूस वाईट नव्हता. घरात लग्नाची पोर होती. जेवण दाराबाहेर ठेवलेलं असायचं. शेजारी तान्हं रडलं, की पोट दुखतंय की कान, हे तिला भिंतीपलीकडून कळायचं. ती उठायची नाही.

शहाऐंशी साली कुष्ठरोग तपासणारा सरकारी माणूस घरोघर फिरत आला. त्यानं विचारायच्या आधीच लोकांनी तिची खोली दाखवली. त्यानं तिला डोळे मिटायला लावून पायावर पीस फिरवलं, टाचणी टोचली. दर वेळी तिनं जागा बरोबर दाखवली; पाय बधिर नव्हता. हा महारोग नाही, धुळ्याला मोठ्या दवाखान्यात जा, एवढं सांगून तो पुढच्या घरी गेला.

शालिग्रामनं तिला एसटीत बसवून दिलं. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक काळा दाणा काचेवर चिरडला, सूक्ष्मदर्शकातून पाहिला आणि मग तिलाही पाहायला लावलं. सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखा तंतूंचा गुंता दिसला.

"ही बुरशी आहे, मावशी," बाई म्हणाल्या. "मातीत असते. काट्याबरोबर आत गेली आणि वाढत राहिली. एकाची दुसऱ्याला होत नाही."

बेबाबाई काचेकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "मंग बठ्ठा लोक माले दूर का ठेवतस?"

बाई पट्टी बांधू लागल्या.

पुष्कळ महिने गोळ्या झाल्या. पण बुरशी हाडात उतरली होती. शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यात भेटायला कुणी आलं नाही.

कुबडी टेकत गावात परतल्यावर ती दारोदार जाऊन डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगून आली. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. मूल कुणी बाहेर आणलं नाही.

शेवटी पेठेतल्या तारादेवीनं बोलावलं. तिला नात झाली होती. तिचे यजमान पुखराजशेठ कुरकुरले, तेव्हा ती म्हणाली, "माझी मुलं हिच्याच हातची आहेत. नातही हिच्याच हातची होईल."

बेबाबाई पाटावर बसली. उजवा पाय तोकडा, त्यामुळे बाळाचं डोकं घसरू लागलं. सुनेनं गोधडीची घडी करून खाली सरकवली. बेबाबाईचे हात आपोआप चालू लागले. तोंडातून मात्र शब्द फुटला नाही. इतक्या वर्षांत बाळांशी काय बोलायचं तेच ती विसरली होती.

सव्वा महिना ती रोज गेली. तारादेवीनं लुगडं नेसवून तिची पाठवणी केली. त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही घरातून हाक आली नाही. पोरीचं लग्न उरकल्यावर शालिग्रामनं तिला घरात राहायला बोलावलं, पण ती गोठ्याजवळच राहिली. तारादेवीची सून बाजाराला जाताना कधी मुलीला घेऊन तिच्याकडे थांबायची. येणंजाणं म्हणायचं तर तेवढंच.