उगवतीकडची साल

दिवा गावच्या खाडीकाठचा दामाजी कोळी सरकारी कागदावर गुन्हेगार ठरला, तो स्वतःच्याच बढाईमुळे. सन एकोणीसशे ब्याण्णव.

खाडीतली झाडं मोजायला एक साहेब आले होते. काठावरच्या नऊ कांदळांच्या खोडावर सोललेले पट्टे बघून त्यांनी विचारलं, "ही साल कोणी काढली?"

दामाजीची छाती फुगली. "मी! माज्या बापाशीनं, आज्यानं पन. अशी साल कोन काढून दाखवील तर त्याच्या घरी पानी भरीन!"

कांदळाची साल उकळली की लाल पाणी सुटतं. त्यात सुती जाळं बुडवलं की ते कुजत नाही. सगळ्यांनी नायलॉन घेतलं, पण पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, सुतीच हवं, हा दामाजीचा हट्ट. सालीची रीत आज्यापासून ठरलेली: उगवतीच्या बाजूची, वीतभरच, आणि त्या झाडाला पुढची तीन वर्षं हात लावायचा नाही.

साहेबांनी यातलं 'मी' तेवढं उतरवून घेतलं.

भाद्रपदात अहवालाचा मसुदा घेऊन तेच साहेब कोळीवाड्यात हजर. त्यात लिहिलेलं: साल काढल्याने कांदळ नष्ट झाले, सगळीकडे तिवराची झाडे माजली, सबब कोळ्यांना खाडीत उतरण्यास बंदी करावी. खाली दामाजीचा अंगठा पाहिजे.

"मिरवा अजून!" त्याची बायको चंद्रभागा कडाडली. "तुमच्या एका तोंडापायी सगल्या वाड्याच्या चुली विझतील."

दामाजीच्या बापाची होडी लागायची ती दगडी पायरी आता उधाणाला गुडघाभर पाण्याखाली जात होती. वर नदीवर बंधारे बांधले गेले, गोडं पाणी खाडीत यायचं कमी झालं. कल्याणच्या एका प्राध्यापकांनी चावडीवर सांगितलेलं, जगभराच्या धुरानं हवा तापतेय, समुद्र चढतोय. आणि अंगठा कोणाचा? दामाजीचा!

"जगाचा समुद्र काय मी चढवला?" तो ओरडला. "साहेब, बूट काढा. चला चिखलात."

"दामाजीभाऊ, वेळ नाही."

"मोजायला आलेलात तवा वेल होता ना? काठावरची नऊच मोजली. आतली कोन मोजनार?"

सगळा वाडा बघतोय म्हटल्यावर साहेबांनी पँट दुमडली. ओहोटी होती. दामाजीनं आधी त्यांना नऊ झाडांपाशी नेलं. पट्ट्यांच्या कडा भरून आल्या होत्या, वर पानं हिरवीगार. "ही सोललेली. मेली का?"

मग मांडीभर चिखलातून तो त्यांना आत घेऊन गेला. तिथे तिवरांच्या दाटीत चाळीसेक कांदळ उभेच्या उभे वाळले होते. एकाच्याही सालीला नखाचा ओरखडा नव्हता.

"ही कोनी मारली?"

तेवढ्यात भरती लागली, पाणी मुळांत शिरलं. दामाजीनं ओंजळ त्यांच्या तोंडापुढे धरली. "चाखा."

साहेबांनी जीभ लावली आणि पचकन थुंकले.

"खारट ना? भाद्रपदात हेच पानी निम्मं गोडं असायचं. त्यावर कांदळ जगायचा. इतकं खारं एकट्या तिवराला सोसतं. म्हनून तो माजला, हा मेला. कांदळाच्या बुडातली चिंबोरी पन गेली."

काठावर येऊन साहेबांनी चिखलाच्या हातानं बंदीची ओळ खोडली, सालीचीही खोडली. वाड्यानं सुस्कारा सोडला. मग त्यांनी नवीन ओळ लिहिली आणि कागद पुढे केला. "आता तरी अंगठा द्या."

दामाजीला वाचता येत नव्हतं. चंद्रभागेच्या भाचीनं मोठ्यानं वाचलं: "कांदळ मरण्याचे कारण अज्ञात."

"अज्ञात म्हंजे?"

"म्हंजे कुनालाच ठावं नाय, काका."

दामाजीनं सालीच्या रंगानं लाल झालेला अंगठा मुठीत मिटून घेतला.

"आताच तुमी थुंकलात ना, साहेब? तेच लिवा. मंग देतो."