कावळ्यांचा पाहुणचार

"मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये, काका. झालं तेवढंच बोला."

"पण झालं काय? यंत्र वर गेलं, यंत्र खाली आलं."

"आणि कावळे?"

"कावळ्यांचं मला काय विचारतेस? मी काय कावळ्यांचा मुकादम?"

"स्टेटस तुम्हीच ठेवलं होतंत. 'आजचा कावळ्यांचा पाहुणचार.' पुढे तीन हसरे चेहरे."

"काढलं मी ते."

"तेच विचारतेय. का काढलंत?"

सीताराम परबांनी पाण्याचा तांब्या उचलला. रिकामा होता. त्यांनी तो भरलेला असल्यासारखा जपून खाली ठेवला.

किर्ती दाराबाहेर, गॅलरीत उभी होती. नवऱ्याचं तेरावं उद्यावर आलेलं, आणि तेरावं होईपर्यंत दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून ती बाहेर आणि परब आत, असं हे भांडण चाललं होतं. आवाज दोघांचेही खालचे. ठाकूरद्वारच्या त्या वाडीत भिंतींपेक्षा गॅलऱ्यांना कान जास्त.

"उद्या जेवणं झाली की हर्षवर्धन भावोजी कागद पुढे करणार," किर्ती म्हणाली. "खोलीची भाडेपावती त्यांच्या नावावर व्हायला माझी हरकत नाही, असा कागद. त्याआधी चारचौघांत तुम्ही एक वाक्य बोलायचं. दहाव्याला कावळे गच्चीवर का नव्हते, एवढंच."

"आणि नाही बोललो तर?"

"तर मी आणि माझं शिलाई मशीन राजापूरला. भावाच्या पडवीत."

परबांनी खाली बघितलं. छत्तीस वर्षं वर बघण्यात गेलेला माणूस हा. टेलिफोन खात्यात लाइनमन. गिरगावात कुठल्या घराच्या कुठल्या कोपऱ्यात फोन आहे ते त्यांना तोंडपाठ. बंद पडलेली लाइन लागली की घरातली म्हातारी आधी परबांचा चहा टाकायची, मग मुलीला फोन लावायची. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि परबांचा चहा आटला. निरोपसमारंभात खात्याने शाल दिली आणि नारळ दिला. नारळाचे दोन्ही अर्थ घरी पोचेपर्यंत त्यांना नीट कळले.

मग गुडघे गेले. दोन वर्षं ते गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, काय रे, कुठे? समोरच्या इमारतीतला निमेश, किर्तीचा नवरा, हाच काय तो थांबून उत्तर द्यायचा. त्यानेच एका रविवारी खोकं आणलं. आत पाव किलोलाही कमी भरेल असा ड्रोन.

"काका, आता तुम्ही नाही चढायचं. हा चढेल."

दोन महिने निमेशने त्यांना हाताला धरून आपल्या इमारतीच्या गच्चीवर नेलं आणि शिकवलं. पहिल्याच दिवशी ते यंत्र किर्तीच्या वाळत घातलेल्या साडीत घुसलं. ती मशीन सोडून वर धावली, साडी बघितली आणि हसत सुटली. "काका, पदराला खिडकी पाडलीत की हो." परबांच्या बायकोने, बकुळाबाईंनी, यंत्राचं नाव भिंगरी ठेवलं. कार्डही निमेशनेच छापून आणलं: सीताराम परब, हवाई पाहणी. गच्ची, पत्रे, भिंतीतले पिंपळ.

कामं येऊ लागली. जुन्या इमारतीला भेग कुठे गेलीय, पिंपळाने मूळ कुठे धरलंय, हे परांची न बांधता दिसायला लागलं. आठवड्यातून तीन सकाळी परब गळ्यात रिमोट अडकवून निघायचे. खाली माणसं जमायची. कुणीतरी म्हणायचंच, परबसाहेब, चहा घेणार ना? त्या एका शब्दावर परब आणखी वीस वर्षं जगले असते.

निमेश चव्वेचाळिसाव्या वर्षी, सकाळी बुटाची नाडी बांधताना गेला. वाकला तो उठलाच नाही.

वाडीतल्या सहा इमारतींच्या पाहणीचं काम परबांना नुकतंच मिळालं होतं. ते देणारा निमेशचा धाकटा भाऊ हर्षवर्धन. वाडीच्या कमिटीचा सेक्रेटरी तोच, पोलीस ठाण्यातून उड्डाणाची परवानगी काढणाराही तोच. परवानगी निघाली शनिवारची, अकरा वाजताची. निमेशचं दहावंही नेमकं त्याच शनिवारी, त्याच वेळेला, त्याच्याच इमारतीच्या गच्चीवर. परब अडखळले. हर्षवर्धन म्हणाला, "विधी वर गच्चीत, तुम्ही मागच्या भिंतीला. संबंध काय, काका? परवानगी परत मिळायला महिना जाईल."

संबंध नाही, असं परबांनाही पटलं. पटवून घ्यायला त्यांना फार वेळ लागला नाही. दहाव्याला घरातर्फे बकुळाबाई वर गेल्या. परब खाली उभे राहिले.

भिंगरी वर गेली आणि वाडीतले झाडून सगळे कावळे तिच्यामागे लागले. मागच्या बाजूला नुसती कावकाव. एक चोच मारायचा, दुसरा फेर धरायचा. परब तिला भिंतीलगत वरखाली नेत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा येत होती. गच्चीवरचं बोलणं खाली ऐकू येत नव्हतं.

वर कठड्यावर पिंड ठेवला होता आणि एक कावळा फिरकत नव्हता. चहा ठेवला. बटाटेवडा ठेवला. निमेश चोरून ओढायचा ती सिगारेट पेटवून ठेवली. आईला सांभाळू, असं म्हणायला आई उरली नव्हती, म्हणून गावच्या देवाचा नवस बोलून झाला. वीस मिनिटं झाली. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करतो, शिववून मोकळे होऊ." हर्षवर्धनने त्यांचा हात धरला. "नको गुरुजी. दादाचा जीव कशाततरी अडकलाय. कशात, ते वहिनीला ठाऊक आहे."

किर्ती अनवाणी होती. ऑक्टोबरची गच्ची. ती एक पाय उचलायची, टेकवायची, दुसरा उचलायची.

"बोल गं बाई," कुणीतरी मागून म्हणालं. "त्याला कशाला ताटकळत ठेवतेस?"

"पोर ना बाळ, एकटीला खोली हवी कशाला?" आणखी कुणी.

खाली रिमोट टुकटुक वाजला. बॅटरी संपत आली होती. परबांनी भिंगरी उतरवायला घेतली. वर किर्तीने ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाली, "खोली भावोजींना देईन. तुम्ही जेवा."

दोन मिनिटांत कावळा आला. पिंडाला शिवला, वडाही घेऊन गेला. बायकांनी डोळे पुसले. हर्षवर्धनने हात जोडले.

संध्याकाळी परबांनी व्हिडिओ पळवून मिनिटभराचा केला आणि स्टेटसला ठेवला. कोपऱ्यात वेळ होती: अकरा सात ते अकरा एकतीस. तासाभरात हर्षवर्धनचा फोन. "काका, व्हिडिओ झकास आहे. पण काढून टाका. आणि उरलेल्या पाच इमारती तुमच्याच, बरं का."

परबांनी काढून टाकला. तेवढ्या वेळात किर्तीने तो बघितला होता. साठवून ठेवायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

आता ती दारात होती आणि परबांना बोलायचं नव्हतं, म्हणून ते बोलले.

"तू बोललीसच कशाला? पाणी हातात घेऊन कुणी असलं बोलतं? गप्प राहायचंस."

"पाय भाजत होते, काका."

"मग चप्पल घालायचीस."

हे तोंडातून गेलं तेव्हा परबांना स्वतःलाच ऐकू आलं. किर्तीने डोकं एका बाजूला केलं, मशीनच्या सुईत दोरा ओवताना करते तसं.

"शब्द मी त्यांना दिलाय," ती म्हणाली. "मी एकटीने मोडला तर म्हणतील, हिने मेलेल्या नवऱ्याला फसवलं. तुम्ही सांगितलंत तर शब्दच उरत नाही. उद्या या. जेवायला तरी याल ना?"

ती गेली. आतून बकुळाबाईंची पळी वाजली.

"कार्ड कुठंय त्या यंत्राचं? ज्यात पिक्चर असतं ते?"

"आहे. डब्यात."

"मग घेऊन जावा उद्या."

"तू वर होतीस ना त्या दिवशी? तुला ऐकू येत नव्हतं?"

"येत होती की तुमची भिंगरी. पंचवीस मिनिटं कानात घुंय करत होती."

"मग बोलली का नाहीस?"

पळी थांबली. "लोक म्हणाले असते, परबाच्या बायकोने नवऱ्याच्या खेळण्याचं नाव घेऊन दहावं मोडलं. तुमचीच लाज राखली." मग पळी पुन्हा सुरू झाली. "जाल तर धुतलेला सदरा घाला. जीभ घरी ठेवणारच आहात."

तेराव्याला परब गेले. धुतलेला सदरा, वरच्या खिशात नखाएवढं कार्ड. किर्तीच्या खोलीत पंगत बसली होती. शिलाई मशीन आधीच चादर टाकून कोपऱ्यात सरकवलेलं, वर पत्रावळींचा गठ्ठा. हर्षवर्धन स्वतः वाढत होता. परबांच्या पानात त्याने दोन जिलब्या जास्त टाकल्या.

"परबसाहेब, लाजू नका."

परबांनी जिलबी खाल्ली. दुसरीही खाल्ली. खिशातलं कार्ड छातीला टोचत नव्हतं, तरी ते दर घासाला तिथे हात नेत होते. पंगत उठायच्या बेताला आली. हर्षवर्धनने विड्यांच्या तबकाखालून कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. "वहिनी, दादाच्या मनासारखं होऊन जाऊ दे."

किर्ती भिंतीला टेकून बसली होती. तिने कागदाकडे बघितलं नाही.

"काका," ती म्हणाली, "दहाव्याला अकरा ते साडेअकरा तुमची भिंगरी कुठे होती? आणि कावळे कुठे होते?"

खाणारे थांबले. पाण्याचा जग घेतलेली बाई वाकली तशीच राहिली. पलीकडच्या ओळीत बकुळाबाई ताकाची वाटी तोंडाला लावून बसल्या, ती त्यांनी खाली घेतली नाही.

"सांगा की, काका," हर्षवर्धन हसत म्हणाला. "मागच्या भिंतीलाच होती ना? कावळ्यांचं काय, मुंबईत कावळे सगळीकडेच."

कुणीतरी हसलं. परबांनी पत्रावळ दुमडली. उठताना गुडघ्यात कळ आली, त्यांनी मशीनचा आधार घेतला, आणि चादर थोडी खाली ओढली गेली. दारात चपलांचा ढीग होता. त्यांनी आपल्या शोधल्या, घातल्या.

"काका," किर्ती म्हणाली.

"परबसाहेब," हर्षवर्धन म्हणाला, "पुढच्या शनिवारी अकराचंच धरू ना?"

परब एक हात खिशातल्या कार्डावर, दुसरा कठड्यावर ठेवून, एकेक पायरी, जिना उतरू लागले.