रिकामी होडी

माझी मुलगी पाचवीत गेली त्या दिवशी मनात आलं, आता हिला शिकवायला माझ्याजवळ काही उरलं नाही. मी चौथीपर्यंतच शिकलेली. दिघीच्या आमच्या खोलीत बसून मी रबरी वॉशर साफ करते. साच्यातून निघताना त्यांच्या कडेला जास्तीचं रबर राहतं, ते कात्रीने कापायचं. पुढे तो माल चाकणच्या कंपनीत जातो.

मुलगी वाचायची मात्र धडाधड. शेजारच्या भाभींच्या नवऱ्याचं गॅरेज आहे. त्या दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ताई, पोरगी काय पळवते हो! ब्रेकच नाही गाडीला." मला ते कौतुक वाटायचं.

मग पालकसभेत शाळेच्या बाईंनी मला आणि मुलीला बाजूला घेतलं. "वाचते छान, पण काय वाचलं विचारलं की गप्प. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी परत बघते. नाही जमलं तर वाचनाच्या तासाला तिसरीच्या मुलांत बसवावं लागेल." काय करू, हे विचारायला माझं तोंड उघडेना. बाईच म्हणाल्या, "वाचून झालं की पुस्तक मिटून तुम्हाला सांगू दे."

वाटेत मुलगी माझ्या पुढे पुढे चालत राहिली. घरात आल्यावर म्हणाली, "मैत्रिणीचा भाऊ तिसरीत आहे, आई. तो सगळ्यांना सांगेल."

दुसऱ्या दिवसापासून मी वॉशरच्या गोणीजवळ बसायची आणि ती समोर. पहिली गोष्ट एका नावाड्याची होती. तिने भराभर वाचली, पुस्तक मिटलं आणि सांगितलं, "एक नावाडी होता. बाजाराचा दिवस होता. तो रिकामी होडी घेऊन पलीकडे गेला. संपली."

"बाजाराच्या दिवशी रिकामी?" मी विचारलं. "काठावर गिऱ्हाईक नव्हतं?"

"होतं. खूप होतं."

"मग सोडून कसा गेला? वेडा आहे का?"

"तसंच लिहिलंय."

"लिहिलं असेल गं. पण का गेला?"

ती चिडली. "तुला एवढंही कळत नाही?"

"नाही कळत," मी म्हटलं. खरंच कळत नव्हतं. धंद्याच्या वेळी कोणी असं करेल, हे मला पटेना.

तिने पुस्तक उघडलं आणि पानं उलटी चाळायला लागली. बराच वेळ बोट फिरवत राहिली. मी वॉशर कापत होते, पण लक्ष तिच्याकडेच होतं. एकदम ओरडली, "अगं, म्हातारी! सकाळी त्याने एका म्हातारीला पलीकडे सोडलं होतं. दुपारी न्यायला येतो म्हणाला होता. हे मी वाचलं होतं, आई!"

"मग भेटली का ती?"

"ते नाही लिहिलेलं." मग पुस्तक मिटून म्हणाली, "पण भेटली असेल. तो गेला ना."

तेव्हापासून तसंच चाललं. मला गोष्ट माहीत नसायची, म्हणून जे अडायचं ते मी विचारायची. पुढे पुढे मी विचारायच्या आधीच ती मध्ये थांबायला लागली, मागचं पान बघून यायची. एकदा भाभी म्हणाल्या, "काय ताई, गाडी पंक्चर झाली का? अटकत अटकत वाचते आता." मी नुसती हसले, पण त्या गेल्यावर धाकधूक झाली. आहे ते वाचनही मी बिघडवलं की काय?

सुट्टीनंतर बाईंनी बघितलं, त्या दिवशी माझ्या हातून दोन-तीन वॉशर वाकडे कापले गेले. मुलगी आली, दप्तर टाकलं आणि आधी पाणी प्यायली.

"काय झालं?"

"नवीन धडा दिला. सांगितला मी. पण त्यातलं एक आठवेना."

"मग?"

"मी म्हटलं, बाई, पुस्तक द्या, मागे बघते."

"असं म्हणालीस बाईंना?"

"हो. त्यांनी दिलं की. सापडल्यावर मी सांगितलं, तर म्हणाल्या, तिसरीत जायला नको, आपल्या जागेवर बस."

मी कात्री खाली ठेवली आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.