काच ठोकणारे आप्पा

आप्पांचा हात स्टिअरिंगवर जितका असायचा, त्याहून जास्त लोकांच्या गाड्यांच्या काचांवर. ब्राह्मणपुरीहून आठवड्यातून तीनदा ते आम्हा चौघांना आपल्या जीपमधून डायलिसिससाठी नंदुरबारला न्यायचे. दवाखान्याच्या आवारात कुणी एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसलेला दिसला, की हे काच ठोकत. "भाऊ, बंद कर ना. मझार वार्डमा मानसं दम ली ऱ्हायनात." लोक त्यांना वेड्यात काढत. आप्पा पुढच्या गाडीकडे वळत.

आमच्यातल्या केळीवाल्या काकांच्या दारात दोन मोटारी होत्या, तरी आप्पांनी त्यांना आमच्या जीपमध्येच कोंबलं. "चार मानसं, चार गाड्या? आजार तं एकच शे!" काका महिनाभर फुगून बसले, मग घरचे चिवडे आणू लागले.

एकदा परतताना मी म्हटलं, "आप्पा, तुमचीही जीप धूर सोडतेच की." मास्तरकीची खोड, दुसरं काय! आप्पांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "गुरुजी, गाडी हाकी नही तं तुम्ही चौघं मरतस. हाकी तं धूर दुसराना छातीमा जास. मी काय करू, सांगा."  

त्यानंतर त्यांनी अर्जांचा ध्यास घेतला. डायलिसिस आमच्या जवळच्या शहाद्यातच व्हावं, म्हणजे एवढा रस्ता तुडवायलाच नको. ते अहिराणीत सांगत, मी शुद्ध मराठीत लिहून काढी. "धंदा बसेल तुमचा," मी चिडवलं. "बसू द्या. केळीले पानी देसू," म्हणत त्यांनी सही केली. आपल्याच पोटावर पाय आणण्यासाठी कचेरीत खेटे घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अर्ज तिथेच राहिले. मागच्या उन्हाळ्यात खोकल्याने आप्पांनाच त्या दवाखान्यात आणून टाकलं. छाती पार निकामी झाली होती. डायलिसिस उरकून मी त्यांच्या खाटेशी गेलो. खिडकीखालीच गाड्या उभ्या राहत. त्यांनी कष्टाने विचारलं, "आपली गाडी कोन ली उना? इंजिन बंद शे ना?"

"तुमचा पुतण्या आणतो," केळीवाले काका मागून म्हणाले. मी म्हटलं, "बंद आहे, आप्पा."

खाली जी घुरघुरत होती, ती आमचीच जीप होती. त्यांनी ती ओळखली असणार, इतकी वर्षं चालवलेली. तरी मान हलवून त्यांनी डोळे मिटले. आठवड्याच्या आत ते गेले.

पुतण्या तसा गुणी आहे. इंजिन बंद ठेव म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं, तर म्हणतो, "गुरुजी, चार तास पडीसन येतस तुम्ही. गाडी गार नको का?"  आजही मी खाटेवर आहे, हातात सुया आहेत, उठता येत नाही. खिडकीखाली इंजिन चालू आहे, आणि ते माझ्यासाठीच चालू आहे.