सेलूच्या काट्यावर

मनमाड सोडताना मी खुशीत होतो, हे आधीच कबूल करतो. सकाळची लहान रुळांची पॅसेंजर, खिडकीची जागा, पिशवीत भाकरी आणि दम्याच्या गोळ्या. आठ महिन्यांत माझं आठ किलो वजन उतरलं होतं. स्टेशनचा जिना चढताना तीनदा थांबणारा हा शाळामास्तर आज एका दमात वर गेला होता, आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

औरंगाबादला एक स्थूल गृहस्थ समोर येऊन बसले. धापा टाकतच त्यांनी वजनाचा विषय काढला. मग काय, मी डॉक्टरांचं सगळं त्यांना ऐकवलं. उपास करायचा नाही, दोन घास कमी खायचे. तळलेलं बंद. रोज चालायचं, पण धाप लागली की तिथेच थांबायचं. आणि चालू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचं नाही. घाई केली की दमा उलटतो, असं आमचे डॉक्टर बजावत. गृहस्थांनी मान डोलावत भज्यांचा पुडा संपवला.

सेलूला माझी धाकटी बहीण कमल राहते. तिलाही मी दिवाळीनंतर पोस्टकार्ड टाकून हे थोडक्यात कळवलं होतं. कार्डावर मावतं तरी किती!

दमा आम्हा दोघांना आईकडून आलेला. कमल जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची, त्यामुळे तिचा जास्तच. दुष्काळात तिची हाडं वर आली होती. पुढे जिंतूरकडच्या कुणा बाबाच्या पुड्या सुरू झाल्या. दमा थांबला आणि तोंड टम्म फुगलं. 'सुनेनं अंग धरलं' म्हणून सासू खूश, पण गल्लीतल्या बायका चिडवायच्या आणि कमल मनातून खट्टू व्हायची.

जालन्यानंतर दोन्ही बाजूंना काळी रानं लागली, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या. इंजिनाची काजळी आत येऊ लागली तशी मी ओला रुमाल नाकाला धरला. सेलू आल्याचं पाटीआधीच कळलं. बाभळींवर, तारांवर, माणसांच्या भुवयांवर कापूस चिकटलेला होता.

स्टेशनवर दाजी (कमलचे यजमान) आले होते. कापसाच्या बाजारात हमाली करणारा हा धिप्पाड माणूस मला वाकून भेटला.

"जयभीम गुरुजी. लय बारीक झालाव की! घरी बी तेच चालू हाय. कमल एक येळच खायलीय."

कमल दारात चौकट धरून उभी होती. चेहऱ्याची सूज उतरलेली, डोळे मात्र खोल गेलेले. मी काय बोलावं? "शाब्बास!" म्हणालो.

ती लाजली. "म्या पुड्या बी सोडल्या, दादा. त्यानंच फुगले होते. पंधरा दिवस झाले."

"बरं केलंस," मी म्हणालो. हे दोन शब्द मी बोललो, आणि ते आता मागे घेता येत नाहीत.

जेवताना तिने कण्या (भरडलेल्या ज्वारीचा भात) चिवडल्या आणि उठून बाहेर जाऊन ओकली. "उपासाचं पित्त हाय," म्हणाली. मलाही ते पटलं. ऊन कलल्यावर तिनेच हट्ट धरला, "दादा, चल, काट्यावर बसू. तू कार्डात लिवलं न्हाई का, वजन करीत जा म्हणून?"

सेलूत माणसाचं वजन कुठे करायचं, तर आडतीवर, कापसाच्या काट्यावर. हमालांनी हसत हसत आधी मला उभं केलं. मग कमल चढली. तिने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि काट्यावरच कोसळली. अंग थंडगार, घामाने भिजलेलं. श्वास वाजत होता, आईचा वाजायचा तसा.

आडत्याने जीप दिली. परभणीला पोचेपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली आणि दाजींकडची उरलेली पुडी हुंगून बघितली.

"असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात," ते म्हणाले. "दमा थांबतो, तोंड सुजतं. पण शरीराला त्याची सवय लागते. एकदम सोडलं की माणूस असा ढासळतो. महिनोन् महिने थोडं थोडं कमी करत आणावं लागतं. वर हिने उपास केले. सोडायला सांगितलं कुणी?"

दाजी म्हणाले, "कुणी न्हाई, सायेब. तिच्याच मनानं."

मी कमलच्या पायांवरची चादर सारखी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत कमल गेली.

कमलचा जलदान विधी उरकून मी परत निघालो. तोवर मी स्वतःची समजूत घालत होतो, की मला सगळं लिहायचं होतं, पण कार्डच भरलं. दाजी स्टेशनवर पोचवायला आले. गाडी हलायच्या आधी त्यांनी खिशातून ते कार्ड काढलं. हळदीचे डाग पडलेलं, मधोमध घडी झिजलेलं.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. रोज वाचायची. दादानं केलं, मला बी जमंल म्हणायची."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

परतूर आलं तेव्हा मी कार्ड उघडलं. 'आठ किलो उतरलं' हे मी ठळक लिहून खाली दोनदा रेघ ओढली होती. मग जेवण कमी कर, चालत जा, वजन करीत जा. दाजींना जयभीम. माझी सही, तीही ऐटीत. आणि सहीखाली दोन बोटं कोरी जागा.

ती जागा मी बोटांनी मोजून बघितली. 'औषध सोडू नकोस' एवढं तिथे सहज मावलं असतं.