लाल दिव्याचं काउंटर

साडीच्या दुकानात किस्से उलगडलेल्या साड्यांसारखे साचतात. घड्या घालायला वेळच मिळत नाही. त्यात आमच्या नांदेडच्या शेठनं लातूरच्या इंजिनिअरकडून नवे कॅमेरे बसवून घेतले. गिऱ्हाईक कुठं बघतं, अंग कुठं वळवतं, सगळं माझ्या कॉम्प्युटरवर. गिऱ्हाइकानं तोंड केलं की त्या काउंटरला हिरवा दिवा, पाठ केली की लाल.

शेठनं सांगून टाकलं, "ज्याचं काउंटर लाल, त्यानं दिवाळीनंतर घरी बसायचं."

सगळ्यात लाल निघालं करीमचाचांचं. ज्यांनी मला घडी घालायला शिकवलं, त्यांचंच.

*

पहिला रिपोर्ट आला. दुकानात सगळ्यात जास्त बघितलेली वस्तू कोणती, तर भिंतीवरचं घड्याळ! बघणारे सगळे नवरे. शेठनं घड्याळ उतरवलं. पुढच्या आठवड्यात नवरे खिळ्याकडं बघत होते.

*

एकदा शेठचा वरच्या केबिनमधून फोन. "अरे, त्या बाईला पाणी तरी विचारा. सकाळपासून पैठणीकडं बघून राहिली."

मी जाऊन आलो. "शेठ, ती आपलीच हाय. काचेतली पुतळी."

*

उमरीच्या एक मावशी तासभर हिरव्या साडीवरची नजर हटवेनात. शेठचा निरोप आला, "हिरवीचा भाव सोडू नका." मावशींनी जाता जाता जांभळीचा भाव विचारला. आम्हीही जाता जाता कमी सांगितला. मावशींनी जांभळी पिशवीत टाकली आणि मला म्हणाल्या, "मनात भरलेल्याकडं बघायचं नसतं, बाबा. भाव वाढतो."

*

दिवाळी चार दिवसांवर आली. शेठ रिपोर्ट घेऊन खाली उतरले. "चाचा, लोक तुमच्याकडं पाठ करून राहिलेत. मशीन कशाला खोटं बोलंल?"

मला लई वाईट वाटलं.

तेवढ्यात शेठच्या बायको, आमच्या वहिनी, आल्या आणि सरळ चाचांच्या काउंटरवर बसल्या. दोन-तीन साड्या नाकारल्या. चौथीच्या वेळी चाचांनी वहिनींना उभं करून पदर त्यांच्या खांद्यावर टाकला. "बघा, वहिनी."

वहिनी गर्रकन मागं वळल्या. माझ्या स्क्रीनवर लाल.

वहिनी हलेनात. पदर सारखा करत तशाच पाठमोऱ्या उभ्या. शेठनं स्क्रीन बघितली, मग वहिनींची पाठ बघितली, मग वहिनींच्या समोरचा, दुकानातला एकुलता एक, पुरुषभर उंचीचा आरसा बघितला. आरशातून वहिनी त्यांच्याकडंच बघत होत्या.

"काय बघून राहिलात? हीच घेणार हाय मी."

चाचा उरलेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागले. मान वर न करता मला म्हणाले, "बेटा, लाल लागला न्हवं? फाड मग बिल."